कोपऱ्यातलं कपाट

६ जानेवारी, सोमवार

डॉक्टर म्हणाले, ह्यांचा हात किती हलतो, पाय कुठे अडखळतो, गोळी किती वाजता दिली, रोज लिहून ठेवा आणि दर खेपेला वही घेऊन या. म्हणून ही वही. आज सकाळी कप दोन्ही हातांनी धरला, चहा सांडला नाही. शर्टाची बटणं लावायला फार वेळ लागला. मी मदतीला गेले तर हात झटकला. गोळ्या वेळेवर.

वही आहेच तर माझंही थोडं लिहिते. आज समोरच्या सोसायटीतल्या एका बाईंनी जिन्यात सगळ्यांसमोर मला चोर म्हटलं. त्यांची मोरपंखी साडी धुवायला आली होती, ती चुकून दुसऱ्याच्या गाठोड्यात गेली. तासाभरात शोधून, इस्त्री करून नेऊन दिली. बाईंनी साडी उलगडून बघितली, दार लावून घेतलं. बस.

चूक माझीच. मागच्या खोलीत दोन मशीन, एक टेबल आणि बाकी सगळी जमीन कपड्यांची. गाठोडी मशीनवर, खिडकीत, पलंगाखाली. आठवड्यापूर्वी प्रसूतिगृहाच्या मोठ्या सिस्टर खोली बघायला आल्या होत्या. रोजच्या चादरी, दुपटी, सगळं काम द्यायला तयार आहेत. पण खोलीत पाऊल ठेवल्या ठेवल्या म्हणाल्या, "जमिनीवर कपडे चालणार नाहीत हो. कपाटं करा. एक फेब्रुवारीपर्यंत वाट बघते."

सुताराला विचारलं. त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

संध्याकाळी हे म्हणाले, "आपण करू. मी सांगतो, तू काप."

सव्वीस वर्षं इथेच गोखिवऱ्यात कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होते. केसाएवढा फरक बोटाने ओळखायचे. आता पेन्सिल धरवत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

भंगारवाल्याकडे एका बंद पडलेल्या ऑफिसची कपाटं आलीत. कमरेएवढी, प्रत्येकी दोन फूट रुंद. दारं मोडकी, पण आतला प्लाय शाबूत. तीन घेतली आणि टेम्पोने आणली. वर लावायला फळ्याही त्याच्याकडच्याच.

हे आज खूश होते. प्रत्येक कपाटाला गुण्या लावायला लावला. "काटकोनात आहे का बघ. नसेल तर जन्मभर दार कुरकुरत राहील." मी करवत धरली की म्हणतात, "दाबू नकोस, तिला तिचं काम करू दे." टूलरूममध्ये पोरांना असंच शिकवत असतील. लग्नाला एकतीस वर्षं झाली आणि हे मी पहिल्यांदाच ऐकतेय.

उजवा हात जास्त हलतोय. डावा बरा.

१३ जानेवारी, सोमवार

तीन कपाटं म्हणजे सहा फूट. भिंत कोपऱ्यातल्या कॉलमपर्यंत पावणेसहा. तीन इंच कमी पडतात.

हे म्हणाले, "एक कपाट खोलू, तीन इंच कापू, परत जोडू." म्हणजे खण, फळ्या, दार, सगळं नव्याने. माझ्या हातून आठवडा जाईल. शिवाय रोजचे कपडे कोण धुणार?

मी म्हटलं, "कॉलमचा तेवढाच भाग खालून छाटला तर? कमरेपर्यंतच तर लागतंय."

असे काही माझ्याकडे बघत राहिले की जणू मी त्यांचाच पाय कापायचं बोलले. "कॉलमला हात लावायचा नाही. समजलं? वर तीन मजले उभे आहेत त्याच्यावर."

रात्रीची गोळी घेताना दोनदा खाली पडली.

२१ जानेवारी, मंगळवार

आज केलं.

मंगळवारी हे व्यायामासाठी वसईला जातात, रिक्षावाला ठरलेला आहे. गेल्या गेल्या मी छिन्नी-हातोडा घेतला. वाटलं होतं, दगडासारखं असेल, दोन घाव घालून सोडून द्यावं लागेल. तसं काही नव्हतं. वरचं प्लास्टर निघालं आणि आतलं सिमेंट ओल्या बिस्किटासारखं सुटायला लागलं. त्यात बारीक बारीक शिंपले होते. सळ्या दिसल्या, गंजून पापुद्रे सुटलेल्या. एक माझ्या हातोडीनेच तुटली.

पाच मिनिटं मशीनला टेकून बसले. पण अर्धं काम झालं होतं, अर्धं ठेवून काय करणार? आणि एवढी मोठी बिल्डिंग, आठ घरं, कमरेखालच्या तीन इंचांवर थोडीच उभी असेल?

दोन तासांत कपाट बसलं. फटीत आणि वर पुट्टी भरली. सगळं झाडलं, लादी पुसली, अंघोळ केली. हे आले तेव्हा मी इस्त्री करत होते.

२२ जानेवारी, बुधवार

हे सकाळी खोलीत गेले. तिन्ही कपाटं ओळीत बसलेली बघितली. पुट्टीवर हात ठेवून उभे राहिले. हात ठेवला की हलायचा थांबतो, तसा थांबला होता.

"इथे पुट्टी कशाला?"

"ओल आली होती. खरवडून भरली."

"किती खोल?"

"वरवरच."

"आणि कपाट कसं बसलं?"

"तुम्ही मोजताना चुकला होतात. बसलं बरोब्बर."

हे खोटं मला एवढं सहज कसं सुचलं कोण जाणे. हे "बरं" म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. दुपारी जेवले नाहीत. इथे डॉक्टरांसाठी लिहिते: भूक कमी.

२६ जानेवारी, रविवार

दारं लागली! बिजागऱ्या नव्या, बाकी सगळं जुनंच, वर पांढरा रंग. दोन दारांमध्ये फट इतकी सारखी की कुठेही नाणं घालून बघावं. प्रत्येक खणाला गिऱ्हाइकाचं नाव. वरच्या फळ्यांवर साबण, नीळ, इस्त्रीचं सामान. खोली ओळखू येत नाही.

तिसऱ्या मजल्यावरची प्रिस्का बघायला आली. ही पोरगी मूळची वटार गावची. इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. रात्रपाळीच्या वेळेला वटारहून यायची सोय नाही, म्हणून वडिलांनी तिला आमच्या डोक्यावरचं घर घेऊन दिलं. दिवसा झोपते. युनिफॉर्मची पिशवी मागच्या खिडकीतून दोरीला बांधून खाली सोडते आणि वरून ओरडते, "काकी, आली!" मीही धुवून तशीच वर पाठवते.

आज मात्र जिन्याने आली, घरच्या वाडीतल्या केळ्यांची फणी घेऊन. "काकी, तुम्ही केलंत हे? खरंच? काकांनी शिकवलं?" ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "काका, आमच्या वॉर्डातपण एवढी नीट कपाटं नाहीत."

हे हसले. बऱ्याच दिवसांनी.

३ फेब्रुवारी, सोमवार

प्रसूतिगृहाचं काम सुरू. साठ चादरी. मोठ्या सिस्टरांनी खोली पाहिली, मान हलवली. हलवली म्हणजे पसंत पडली.

ह्यांचं बरं चाललंय. पावलं जरा लहान पडतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

कोपऱ्यातल्या कपाटाचं दार वरच्या कडेला घासतंय. स्वस्तातला प्लाय, मशीनची वाफ लागून फुगला असणार. रंधा मारला, मोकळं झालं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

परत घासतंय. आता मधल्याचंही. बिजागरी काढून पुन्हा बसवली. कपाटासमोरची एक लादी वर आलीय, पाऊल ठेवलं की टकटक वाजते. मशीनचं पाणी खाली गेलं असेल.

ह्यांनी जुन्या पेटीतून ओळंबा काढला. वरच्या फळीला दोरी अडकवून खाली सोडला, किती तरी वेळ बघत बसले. मग म्हणाले, "सुनंदा, कपाट सरळ आहे. भिंत चाललीय."

"कुठे चाललीय?"

"खाली. आणि बाहेर."

मी बघितलं तर ओळंबा डुलत होता. दोरी हातात ज्यांच्या, त्यांचा हात असा. डुलणारच. मी म्हटलं, "सोडा ती दोरी, मी धरते." तर म्हणाले, "दोरी फळीला बांधलीय. मी धरलेली नाही."

तरी मला वाटतं, मध्ये मध्ये हात लावत होते. नोंद: आज दुपारी कंप बराच जास्त.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पुट्टीच्या वरच्या बाजूला केसासारखी चीर दिसते. ह्यांनी जुन्या फोटोच्या फ्रेमची काच फोडून तिची बोटभर पट्टी घेतली आणि चिरेवर आडवी चिकटवली. माझ्याकडून चिकटवून घेतली म्हणजे. "ही तुटली तर समजायचं भिंत हलतेय. काच खोटं बोलत नाही."

मी मनात म्हटलं, काच बोलत नाही, पण तुम्ही चार दिवस हेच बोलणार आहात.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काच तुटली. सकाळी बघितलं तर दोन तुकडे. पहाटे हे खोलीत गेले होते, मी पावलं ऐकली होती. आधाराला भिंतीवर हात टेकला असेल, काचेवरच टेकला असेल. तसं म्हटलंही. नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज व्यायामाला गेले नाहीत. पहिल्या मजल्यावर शत्रुघ्न भाऊंकडे गेले. ते सोसायटीचे सेक्रेटरी. दोघं मिळून खाली आले. भाऊंनी भिंतीवर टकटक केलं, चीर बघितली, म्हणाले, "अहो दिनानाथराव, अशा चिरा तर आमच्याकडे पण आहेत. वीस वर्षांची बिल्डिंग. पुढच्या मीटिंगला प्लास्टरचा विषय घेऊ."

हे म्हणाले, "प्लास्टर नाही. इंजिनिअर आणा. आजच्या आज."

"असं एकदम का वाटतं तुम्हाला? काही झालंय का इथे?"

ह्यांनी तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. परत मिटलं. "नाही. वाटतंय."

जाताना भाऊंनी मला दाराबाहेर घेतलं. "वहिनी, राग मानू नका. माझ्या मेहुण्याला हाच आजार होता. त्या गोळ्यांनी भास होतात. नसलेलं दिसतं. डॉक्टरांच्या कानावर घाला."

मला रागापेक्षा सुटल्यासारखं झालं. कोणीतरी तसं म्हणालं, बरं झालं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांच्या हातात वही फेब्रुवारीपासून उघडून दिली, जानेवारीची पानं टाचणीने जोडून ठेवली होती. ओळंब्याची, काचेची पानं वाचली. मला विचारलं, "म्हणजे भास होतात असं तुम्हाला वाटतं?" मी हो म्हटलं. हे शेजारीच बसले होते. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली.

घरी आल्यावर मी ओळंबा उचलून पेटीत टाकला आणि पेटी पलंगाखाली ढकलली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गोळी कमी केल्यापासून चालणं जड झालंय. आपली गादी पुढच्या खोलीत नेली आणि मलाही तिथेच झोप म्हणाले. वाद नको म्हणून झोपले.

कोपऱ्यातल्या कपाटाचं दार आता उघडतच नाही. आतल्या दुपट्यांसाठी दार काढूनच टाकलं. उद्या-परवा पडदा शिवीन. पडदा काय वाईट दिसणार नाही.

१ मार्च, शनिवार

आज शाळेच्या वर्गात बसून लिहितेय. आम्हाला इथे आणून ठेवलंय. वही कपड्यांच्या पिशवीत होती म्हणून वाचली.

गुरुवारी, सत्तावीस तारखेला, साडेदहाला मी चादरी घेऊन प्रसूतिगृहात गेले. तिथे मोजून देत होते तेव्हा ह्यांचा फोन आला.

"सुनंदा, आज पडतंय. मी सगळ्यांना खाली काढतो. तू इकडे येऊ नकोस."

मी काय म्हटलं ते लिहायलाच हवं. मी म्हटलं, "गोळी घेतली का? जरा बसा. मी येतेच." आणि फोन ठेवून परत चादरी मोजायला लागले. चाळीसपर्यंत आले होते, विसरू नये म्हणून.

बाकीचं लोकांनी सांगितलं. ह्यांनी स्वयंपाकघरातलं ताट आणि उलथणं घेतलं. जिना चढताना वाजवत, ओरडत गेले. ज्यांना आपल्याच घरात चार पावलं टाकायला भिंत लागते ते तीन मजले चढले. लोक चिडूनच बाहेर आले. एकाने शिवी दिली. पण पायऱ्यांवर वाळू पडताना दिसली तशी शिवी तोंडातच राहिली. सगळे उतरले. दुसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूचं घर बंदच होतं.

प्रिस्का रात्रपाळी करून नऊला आलेली, झोपली होती. ह्यांनी दार वाजवलं. आतून ती म्हणाली, "येते काका." हे खाली वळले. पहिल्या मजल्यावर शत्रुघ्न भाऊंची आई एकटीच दारात उभी होती, तिला एकटीला उतरता येत नाही. दोघं एकमेकांना धरून उतरले. रस्ता ओलांडून पलीकडच्या किराणा दुकानाच्या पायरीवर तिला बसवलं आणि मागे वळले.

मागची अर्धी बिल्डिंग तेवढ्यात बसली. बसली असंच सगळे म्हणतात. पडली नाही, बसली. वरून खाली, सरळ. पुढचा अर्धा भाग तसाच उभा राहिला.

मी पोहोचले तेव्हा धुळीत काही दिसत नव्हतं. हे पायरीवर बसून होते, ताट मांडीवर. मला बघून म्हणाले, "प्रिस्का आली का खाली?"

संध्याकाळी सहाला तिला काढलं.

३ मार्च, सोमवार

लोक येतात, ह्यांच्या पाया पडतात. शत्रुघ्न भाऊ लहान मुलासारखे रडले. "दिनानाथराव, मी तुम्हाला वेडा म्हटलं हो." एका पेपरवाल्याने फोटो काढला. हे फोटोच्या वेळी खाली बघत होते.

माझ्याही पाठीवरून बायका हात फिरवतात. प्रत्येक हात भाजतो.

आज वटारला चर्चमध्ये प्रिस्कासाठी मिस्सा, त्यांची प्रार्थना, होती. सगळे गेले. मी अंग दुखतं म्हणून इथेच पडून राहिले.

६ मार्च, गुरुवार

चौकशीचे साहेब आले. बरोबर एक पोलीस लिहून घ्यायला. बिल्डरला आधीच पकडलंय. खाडीची रेती, पातळ सळ्या, सगळं सापडलंय म्हणतात. साहेब एकेका कुटुंबाला तेच विचारत होते: "तुमच्या घरात काही तोडफोड, फेरफार केला होता का?"

आमची पाळी आली. मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "केला होता. मागच्या खोलीतला कॉलम मी छाटला. कपाट बसवायचं होतं."

साहेबांनी मान वर केली. "कधी?"

"एकवीस जानेवारीला."

"किती?"

"तीन इंच. कमरेपर्यंत."

माझ्याशिवाय ही तारीख, हे माप कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

"कशाने छाटला?"

"छिन्नी-हातोडा."

साहेब ह्यांच्या हातांकडे बघत होते. गोळी कमी झाल्यापासून दोन्ही हात मांडीवर थरथरतात. साहेबांनी खिशातलं पेन काढून पुढे केलं. "काका, इथे सही करा पाहू."

ह्यांनी पेन घेतलं. कागदावर टोक टेकेना. तीनदा प्रयत्न केला, मग पेन घरंगळून खाली गेलं. साहेबांनी वाकून ते उचललं आणि माझ्याकडे वळले. आवाज अगदी हळू होता. "ताई, कॉलम कोणी छाटला?"

मी ह्यांच्या हातांकडेच बघत राहिले.

साहेब म्हणाले, "मी पुढच्या आठवड्यात पोलीस ठाण्यातच आहे," आणि पुढच्या कुटुंबाकडे गेले.

ते गेल्यावर मी ह्यांना विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. अंघोळ करूनही तुझ्या कानामागे सिमेंट होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो. रोज बोललो. तू माझ्या हाताकडे बघत होतीस."

मी रडायला लागले तर म्हणाले, "रडू नकोस, माझंही ऐक. शत्रुघ्नने विचारलं होतं, इथे काही झालंय का. तेव्हा खरं सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी इंजिनिअर आणला असता. तुझं नाव घ्यावं लागलं असतं म्हणून गप्प बसलो. मला वाटलं, काच दाखवून, दोरी दाखवून भागेल."

मग भिंतीकडे तोंड करून पडले.

७ मार्च, शुक्रवार

शत्रुघ्न भाऊ बाजूला घेऊन बोलले. काल ते पलीकडच्याच बाकावर होते, सगळं ऐकलं असणार. आवाज चढवला नाही.

"वहिनी, जे झालं ते झालं. मी काही विचारत नाही. पण तुम्ही जर तसं लिहून दिलंत, तर बिल्डरचा वकील तेवढंच धरून बसेल. एका बाईने कॉलम तोडला म्हणून पडली म्हणेल. आठ घरं आहेत. कोणाला काही मिळणार नाही. रेती खाडीची होती, ती काय तुम्ही टाकलीत? कधी ना कधी पडणारच होती ती."

कधी ना कधी. हेच मी स्वतःला आठ दिवस सांगतेय. छिन्नी लागली तेव्हा सिमेंट बिस्किटासारखं सुटलं, हेही खरं. पण ते सुटताना बघितलं मी. आठ घरांत फक्त मी बघितलं, आणि वर पुट्टी भरली.

भाऊंना म्हटलं, विचार करते.

११ मार्च, मंगळवार

बसने वटारला गेले. ह्यांना सांगून गेले. म्हणाले, "येऊ का?" मी नको म्हटलं.

घर विचारावं लागलं नाही. केळीच्या वाडीच्या कडेला, ओटीवर प्रिस्काचा फोटो, समोर मेणबत्ती. तिचे वडील फर्डिनंड वाडीत पाणी सोडत होते. आई बेला दारात बसली होती. दोघं आपसात त्यांच्या बोलीत बोलले, मला चारदोन शब्दच कळले. माझ्याशी साध्या मराठीत बोलत होते. ह्यांची बायको म्हटल्यावर बेलाबाई उठल्या आणि पाणी आणलं. "तुमच्या मालकांनी फार केलं. वर येऊन दार वाजवलं."

मी पाणी हातात घेतलं नाही. आधी सांगितलं. तारीख, छिन्नी, सळी तुटली ते, पुट्टी, ह्यांना खोटं बोलले ते, डॉक्टरांना काय सांगितलं ते, फोनवर काय बोलले ते. काही सोडलं नाही. सांगताना आवाज आपोआप हिशोबी झाला, दुसऱ्याच कोणाचं सांगतेय असा.

फर्डिनंड हातातलं फावडं धरून उभे होते. बेलाबाईंनी एकच विचारलं.

"ती येते म्हणाली होती ना? मग आली का नाही?"

हे सांगायचं नाही असं मी बसमध्ये ठरवलं होतं. पण मग आले कशाला होते?

"ह्यांनी वळताना कडी काढल्याचा आवाज ऐकला होता," मी म्हटलं. "मग दार ओढल्याचा. दोनतीनदा. त्यांना वाटलं, येतेय. पण आमच्या सगळ्याच दारांचं... चौकट बसली की दार उघडत नाही."

बेलाबाईंनी पदर तोंडात धरला आणि आत गेल्या.

पाणी आळ्यातून बाहेर वाहत होतं, फर्डिनंड यांनी ते वळवलं नाही. मग म्हणाले, "बाई, हे सांगून तुमचं हलकं झालं असेल."

"नाही झालं."

"थोडं तरी झालं असेल. आमचं वाढलं. आता रोज ती दार ओढताना दिसणार." त्यांनी फावडं जमिनीत रोवलं. "माफी मागायला आला असाल तर माझ्याकडे ती नाही. पुढे कधी असेल का, ठाऊक नाही. देवाला विचारावं लागेल, आणि त्याच्याशी सध्या माझं बोलणं नाही. तुम्ही चौकीत जाऊन सांगा. आमच्या कानात सांगितलेलं कोणी वाचणार नाही."

मी उठले. फाटकापर्यंत आले तेव्हा मागून म्हणाले, "बस चारला आहे. उन्हात उभ्या राहू नका, त्या चिंचेखाली थांबा."

चिंचेखाली थांबले नाही. उन्हातच उभी राहिले.

१२ मार्च, बुधवार

आज ठाण्यात जबाब दिला. हे बरोबर आले होते, बाहेर बाकावर बसले. शत्रुघ्न भाऊंना सकाळीच सांगितलं. ते काही बोलले नाहीत. आता बोलतील असं वाटतही नाही.

साहेबांनी विचारलं, "वकील वगैरे केला का?" नाही म्हटलं. "याचे परिणाम माहीत आहेत ना?" हो म्हटलं. बिल्डरचं काय होईल ते मी विचारलं, तर म्हणाले, "रेतीचा रिपोर्ट आहे आमच्याकडे. पण कोर्टात काय होईल ते मी आज सांगू शकत नाही."

मी सांगत गेले, शेजारी बसलेला पोलीस लिहीत गेला. मध्येच त्याने विचारलं, "शिक्षण? धंदा?" मी म्हटलं, दहावी. कपडे धुते. चार पानं झाली. साहेब म्हणाले, "वाचून घ्या आणि प्रत्येक पानाखाली सही करा."

वाचलं. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: 'पती दिनानाथ हे फिटर असून त्यांच्या सांगण्यावरून मी सदर कॉलम छाटला.'

मी बोट ठेवलं. "हे असं नाही."

पोलीस म्हणाला, "अहो ताई, तुम्हीच म्हणालात ना, ते सांगायचे आणि तुम्ही कापायच्या. तुमच्याच सोयीचं आहे. राहू दे."

"कपाटं त्यांच्या सांगण्यावरून. कॉलम नाही."

त्याने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान हलवली. ती ओळ खोडून, बाजूला मी सांगितलं तसं लिहिलं, आणि खोडलेल्या जागी माझी वेगळी सही घेतली.

'पतीने स्पष्ट नको सांगितले असताना.'